मातीच्या हसऱ्या बाहुल्या



सोंगाड्या नुसता पुढे आला आणि त्याने तोंड वाकडे केले, की आपल्याला हसू फुटते. त्याने अजून एक शब्दही बोललेला नसतो! दोन हजार वर्षांपूर्वी इजिप्त देशातही असे सोंगाडे होते. ते मुखवटा घालून नाटक करीत. त्यांची नाटके गावोगावी इतकी आवडत, की तिथले कुंभार त्यांच्या मातीच्या बाहुल्या करून विकत. ती माणसे गेली आणि मुखवटेही गेले, पण भाजलेल्या मातीच्या त्या बाहुल्या जमिनीखाली टिकून राहिल्या. आज त्या जगातल्या मोठमोठ्या संग्रहालयांत काचेच्या कपाटात ठेवल्या आहेत. या बाहुल्यांची माहिती आम्ही येथे देत आहोत.

इजिप्तमध्ये ग्रीक लोक कुठून आले?

वर्गातल्या जगाच्या नकाशात आफ्रिका खंड पाहा. त्याच्या उत्तरेला, नाईल नदीच्या काठी इजिप्त आहे. पिरॅमिडचा देश तो हाच. त्याच्या वर भूमध्य समुद्र आणि समुद्रापलीकडे ग्रीस.

ग्रीसच्या बाजूचा राजा अलेक्झांडर, ज्याला आपण सिकंदर म्हणतो, त्याने इ. स. पू. ३३२ मध्ये इजिप्त जिंकले. तेव्हा मोठा पिरॅमिड बांधून दोन हजारांहून जास्त वर्षे झाली होती, बरं का! दुसऱ्याच वर्षी त्याने समुद्रकाठी अलेक्झांड्रिया शहर वसवले. इ. स. पू. ३२३ मध्ये सिकंदर वारला आणि इजिप्त त्याचा सेनापती टॉलेमी याच्या हाती गेले. टॉलेमीच्या वंशाने तेथे पुढे जवळजवळ तीनशे वर्षे राज्य केले. शेवटची राणी क्लिओपात्रा. तिच्या मृत्यूनंतर, इ. स. पू. ३० मध्ये, इजिप्त रोमन लोकांकडे गेले.

या काळात हजारो ग्रीक सैनिक, व्यापारी आणि कारागीर इजिप्तमध्ये येऊन राहिले. फायूम नावाच्या सुपीक भागात राजाने सैनिकांना जमिनी दिल्या. शेजारी शेजारी राहून दोन्ही लोकांचे देव, जेवणखाण, भाषा आणि सण एकमेकांत मिसळले. ग्रीकांचा डायोनिसस हा द्राक्षाचा, दारूचा आणि नाटकाचा देव. इजिप्तचा देव ओसायरिस. हे दोघे एकच, असे ग्रीक म्हणू लागले. ही मिसळण म्हणजेच ग्रीक-इजिप्ती संस्कृती. मातीच्या बाहुल्यांतही ती दिसते. एकाच बाजारात इसिस देवी, तोंडात बोट घातलेला बाळदेव हार्पोक्रेटिस आणि नाटकातला पोटाळू नट, अशा तिन्ही मूर्ती मिळत.

नाटकाला एवढा मान होता का?

होता. विनोदी नाटक मूळ अथेन्स शहरातले. डायोनिससच्या मोठ्या उत्सवात तेथे नाटकांच्या स्पर्धा होत. इ. स. पू. ४८६ पासून विनोदी नाटकांचीही स्पर्धा सुरू झाली. हजारो माणसे डोंगरउतारावर बसून नाटक बघत. पुढे ही नाटके ग्रीक लोक जिथे जिथे गेले तिथे तिथे गेली. नटांचे संघ असत. त्यांना ‘डायोनिससचे कलावंत’ म्हणत. ते गावोगाव फिरत.

इजिप्तमध्ये त्या काळी माणशी मिठाचा कर भरावा लागे. दुसऱ्या टॉलेमी राजाच्या वेळचे एक पत्र सापडले आहे. त्यात काही लोकांना हा कर माफ केल्याचे लिहिले आहे. कुणाला म्हणाल? मुलांना अक्षरे शिकवणारे गुरुजी, कसरत शिकवणारे गुरुजी, डायोनिससचे कलावंत आणि स्पर्धा जिंकलेले खेळाडू. त्यांना आणि त्यांच्या घरच्यांनाही माफी! राजाने गुरुजींना आणि नटांना एकाच ओळीत बसवले, यावरून नाटकाचा मान कळतो.

मुखवटा कशासाठी?

हे नट नुसता चेहरा रंगवीत नसत. कापडाचे थर खळीने चिकटवून कडक केलेला मुखवटा घालीत. तो टोपीसारखा सगळ्या डोक्यावर बसे आणि त्याला केसही लावलेले असत. त्याचे फायदे पुष्कळ होते.

पहिला फायदा म्हणजे खूप मागे बसलेल्या माणसालाही कोण आले ते लगेच कळे. पांढरी दाढी म्हणजे म्हातारा बाप. मोठे पसरट तोंड, वर चढलेल्या भुवया आणि चपटे नाक म्हणजे गुलाम नोकर. दुसरा फायदा, नट थोडे आणि पात्रे जास्त असली तरी काम भागे. आत जाऊन मुखवटा बदलला, की तोच नट दुसरे पात्र होऊन बाहेर येई. तिसरे म्हणजे नाटकात फक्त पुरुष काम करीत. बायकांचे मुखवटे घालून तेच आजी होत, मुलगी होत, स्वयंपाकीणही होत.

मुखवट्याला तर भाव बदलता येत नाही. मग राग आणि आनंद दोन्ही कसे दाखवायचे? त्यावर कारागिरांनी छान युक्ती काढली होती. बापाच्या मुखवट्याची एक भुवई वर चढलेली आणि दुसरी सरळ असे. बाप रागावला की नट प्रेक्षकांकडे चढलेल्या भुवईची बाजू करी. राग शांत झाला की दुसरी बाजू करी. क्विंटिलियन नावाच्या रोमन शिक्षकाने ही गोष्ट आपल्या पुस्तकात लिहून ठेवली आहे.

किती प्रकारचे मुखवटे?

इजिप्तमध्ये नॉक्राटिस नावाचे ग्रीक लोकांचे गाव होते. त्या गावचा पॉलक्स नावाचा पंडित इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात होऊन गेला. त्याने शब्दांचा एक मोठा कोश केला. त्यात त्याने विनोदी नाटकाच्या मुखवट्यांची यादीच दिली आहे. ती अशी :

म्हातारे पुरुष – ९
तरुण पुरुष – ११
गुलाम व नोकर – ७
म्हाताऱ्या बायका – ३
तरुण बायका – १४
एकूण – ४४

बेरीज करून पाहा, बरोबर येते! प्रत्येकाचे केस कसे, रंग कसा, भुवया कशा, हेही त्याने लिहिले आहे. कुणी सावळा आणि कसरत केलेला, कुणी गोरा आणि सावलीत वाढलेला, कुणी तांबड्या केसांचा, कुणी टकला आणि तिरळा. खापराच्या बाहुल्या हातात घेऊन अभ्यासक ही यादी वाचतात आणि ‘हा म्हातारा नववा की पहिला?’ असे जुळवून बघतात. यादी नसती तर बाहुल्या मुक्या राहिल्या असत्या. बाहुल्या नसत्या तर यादी नुसतीच कोरडी राहिली असती.

ही बाहुली नटाची आहे हे कसे ओळखायचे?

एखादी बाहुली कुरूप माणसाची असेल किंवा मुखवटा घातलेल्या नटाची असेल. फरक कसा कळणार? त्याच्या खुणा आहेत.

१) तोंड खूप मोठे उघडे असते. काही बाहुल्यांत त्या मोठ्या तोंडाच्या आत नटाचे स्वतःचे लहान ओठ दिसतात. कुंभाराने किती बारकाईने पाहिले असेल!

२) चेहरा शरीराच्या मानाने फार मोठा असतो.

३) जुन्या प्रकारच्या नाटकातले नट पोटावर आणि मागे कापसाच्या गादीसारखे भरण बांधत. म्हणून पोट घागरीसारखे पुढे आलेले असते.

४) अंगाला घट्ट कपडा घातलेला असतो. मनगटाशी आणि घोट्याशी त्याच्या सुरकुत्या दिसतात.

नुसत्या मुखवट्याच्याही लहान मातीच्या प्रतिकृती सापडतात. टांगण्यासाठी त्यांना भोके असतात. खरे कापडी मुखवटे मात्र एकही उरलेला नाही. ते सगळे कुजून गेले. म्हणून मुखवटा कसा होता हे पाहायचे तर या मातीच्या वस्तूंकडेच जावे लागते.

बाहुली कशी करत?

गणपतीचा साचा ज्यांनी पाहिला आहे त्यांना हे चटकन कळेल.

प्रथम कुशल कारागीर हाताने एक नमुना घडवी. त्या नमुन्यावर ओली माती किंवा प्लास्टर दाबून दोन साचे काढी, एक पुढच्या बाजूचा आणि एक पाठीचा. मग नाईल नदीच्या गाळाची माती मळून त्याची भाकरीसारखी चपटी थापी करायची. ती दोन्ही साच्यांत बोटाने दाबून बसवायची. माती थोडी सुकली की आक्रसते आणि साच्यातून आपोआप सुटते. मग दोन्ही अर्धे भाग पातळ चिखलाने जोडायचे. त्यामुळे बाहुली आतून पोकळ राही. पाठीला एक भोक ठेवत. भोक नसले तर भट्टीत आतली वाफ कोंडून बाहुली फुटेल ना!

भाजल्यावर नाईलची माती तांबूस-तपकिरी होई. तिला पांढऱ्या मातीचा हात देऊन वर तांबडा, गुलाबी, निळा, पिवळा, काळा असे रंग देत. हे रंग भाजल्यानंतर दिलेले असल्यामुळे आता बहुतेक उडून गेले आहेत. कुठे केसात, कुठे वस्त्राच्या घडीत थोडासा रंग राहिलेला दिसतो. पुष्कळ बाहुल्यांची पाठ साधी, न घडवलेली असते. भिंतीशी ठेवायची वस्तू, पाठ कोण बघणार? बाहुल्या साधारण वीतभर किंवा त्याहून लहान असत.

साच्यामुळे एकच बाहुली शेकडो वेळा काढता येई, म्हणून ती स्वस्त पडे. दुसऱ्या गावचा कुंभार ती विकत घेई आणि तिच्यावरूनच नवा साचा काढी. आता यातली गंमत पाहा. माती सुकताना आणि भाजताना आकसते. म्हणून बाहुलीवरून काढलेल्या साच्यातली बाहुली मूळ बाहुलीपेक्षा थोडी लहान होते. तिच्यावरून पुन्हा साचा काढला की आणखी लहान. नाकडोळेही पुसट होत जातात. त्यामुळे दोन सारख्या बाहुल्या मोजल्या, की आई कोण आणि मुलगी कोण हे अभ्यासक सांगू शकतात!

अथेन्समधल्या एका थडग्यातून आलेल्या म्हणून ओळखल्या जाणाऱ्या १४ नट-बाहुल्या न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाने १९१३ मध्ये घेतल्या. त्या सुमारे २४०० वर्षांपूर्वीच्या आहेत. तशाच बाहुल्या दक्षिण रशियापासून स्पेनपर्यंत सापडतात. त्या काळी ना छापखाना, ना रेडिओ, ना सिनेमा. तरी नाटकातली पात्रे साच्यावर स्वार होऊन सगळीकडे पोचली.

लोक या बाहुल्या कशाला घेत?

एकच उत्तर नाही. काही बाहुल्या घरांच्या अवशेषांत मिळाल्या, काही देवळांत, काही थडग्यांत. कुणी त्या देवापुढे ठेवल्या असतील, कारण नाटक म्हणजे डायोनिससची सेवाच. काहींना वाटे, वेड्यावाकड्या तोंडाची मूर्ती घरात असली की दृष्ट लागत नाही. मेलेल्या माणसाबरोबर ठेवल्या, त्या त्याला सोबत म्हणून असतील. आणि कुणी नाटक आवडले म्हणून, नुसते पाहून हसण्यासाठीही घेतल्या असतील.

कसली नाटके होती ती?

मिनँडर हा अथेन्सचा फार लोकप्रिय नाटककार. त्याने शंभराहून अधिक नाटके लिहिली. पण पुढे त्या पोथ्यांच्या नकला करणे लोकांनी सोडले आणि नाटके हरवली. हजार-दीड हजार वर्षे त्याची इकडची तिकडची वाक्येच तेवढी माहीत होती. मग इजिप्तची कोरडी वाळू मदतीला आली. तिथे पाऊस फार थोडा, म्हणून पपायरस या लव्हाळ्याच्या कागदावरील लिखाण टिकते. १९०५ मध्ये एका पडक्या घरात त्याच्या नाटकांची पाने मिळाली. १९५८ मध्ये तर इजिप्तमधल्याच एका जुन्या पोथीतून जवळजवळ पूर्ण नाटक छापून प्रसिद्ध झाले. त्याचे नाव ‘दिस्कोलोस’, म्हणजे चिडका माणूस. इ. स. पू. ३१६ मध्ये या नाटकाला अथेन्समध्ये पहिले बक्षीस मिळाले होते.

त्याची गोष्ट शेतकऱ्याची आहे. क्नेमोन नावाचा एक म्हातारा शेतकरी असतो. तो कुणाशी बोलत नाही, कुणाला बांधावर उभे राहू देत नाही, भेटायला आलेल्याला ढेकळे मारून पळवतो. एक दिवस घरातल्या म्हातारीच्या हातून बादली विहिरीत पडते. ती काढताना कुदळही पडते. म्हातारा चिडून स्वतः उतरतो आणि आत पडतो! ज्या सावत्र मुलाला त्याने कधी विचारले नाही तोच धावून येऊन त्याला वर काढतो. मग म्हाताऱ्याला कळते, की माणसाला माणूस लागतो. एकट्याने कुणाचे भागत नाही.

इजिप्तमधल्या ग्रीक शाळांत मुले मिनँडरच्या नावाची बोधवाक्ये गिरवीत. कशावर? लाकडी पाट्यांवर, पपायरसवर आणि फुटक्या मडक्याच्या खापरांवर. त्यातली काही खापरे आजही आहेत. म्हणजे ही नाटके शाळेपर्यंत आलेली होती.

वेदीवर बसलेला गुलाम

या सगळ्या बाहुल्यांत एक बाहुली पुन्हा पुन्हा सापडते. देवाच्या वेदीवर एक गुलाम बसलेला. तोंड हे एवढे हसरे. तो तिथे का बसला आहे? त्याने धन्याला फसवले आहे, आणि धनी चाबूक घेऊन मागे लागला आहे. देवाच्या वेदीला जो शिवला त्याला ओढून न्यायचे नाही, असा ग्रीकांचा नियम होता. म्हणून तो वेदीवर चढून बसला. धनी खाली हात चोळत उभा, आणि हा वर आरामात. नाटकात या प्रसंगाला मोठा हशा होई.

पण मित्रांनो, विचार करा. नाटकातला गुलाम धन्याहून हुशार असतो. तो अडचणीतून वाट काढतो आणि शेवटी सुटतो. खऱ्या आयुष्यातल्या गुलामाचे तसे नव्हते. तो गुराढोरांसारखा विकला जाई. त्याला मारायची धन्याला मुभा होती. चाबूक खोटा नव्हता. नाटक संपल्यावर प्रेक्षकांतले किती तरी जण घरी जाऊन आपल्या गुलामाला पाणी आणायला सांगत असतील, आणि तो गुलाम मुखवट्याशिवाय, न हसता पाणी आणत असेल.

मग ही बाहुली वाईट म्हणायची का? आम्हाला तसे वाटत नाही. राजांचे पुतळे सगळीकडे असतात. गुलाम, आचारी, म्हातारी दाई, हमाल यांचे पुतळे कोण करतो? कुंभाराने केले. त्यांची नावे कुठे लिहिलेली नाहीत, पण त्यांच्यासारखी माणसे होती हे या बाहुल्यांमुळे कळते. फक्त एवढे ध्यानात ठेवू, की हसताना आपण कुणाबरोबर हसतो आहोत की कुणाला हसतो आहोत, हे बघावे. गॅदरिंगमध्ये नाटुकले बसवताना हे आपल्यालाही उपयोगी पडेल.

आपल्याकडचा धागा

टॉलेमी आणि रोमन लोकांच्या काळात इजिप्तहून जहाजे तांबड्या समुद्रातून निघून पावसाळी वाऱ्याच्या जोरावर हिंदुस्थानात येत. इसवी सनाच्या पहिल्या शतकात इजिप्तमधल्या एका ग्रीक व्यापाऱ्याने या प्रवासाचे पुस्तक लिहिले. त्यात आपल्या सोपारा, कल्याण, चौल या बंदरांची नावे आहेत. पैठण आणि तेर यांचीही नावे आहेत! तेरला (जि. धाराशिव) सातवाहन काळातल्या, दोन साच्यांत घडवलेल्या मातीच्या मूर्ती सापडल्या आहेत. दोन साच्यांची ही रीत त्या व्यापाराबरोबर आली असावी, असे अभ्यासक मानतात. तेरच्या संग्रहालयात त्या पाहता येतात.

इजिप्तच्या ऑक्सिरिंकस गावच्या उकिरड्यात एका ग्रीक प्रहसनाचे पान मिळाले, ते १९०३ मध्ये छापले गेले. त्यातली गोष्ट हिंदुस्थानच्या किनाऱ्यावर घडते. एक ग्रीक मुलगी इथे अडकते, भाऊ जहाज घेऊन येतो, इथल्या राजाला दारू पाजून सगळे पळून जातात. राजाच्या तोंडी काही न समजणारे शब्द आहेत. ते कन्नड असावेत असे काही पंडित म्हणाले, काहींना ते पटले नाही.

पांढरीची माती

आता शेवटची आणि महत्त्वाची गोष्ट. इजिप्तमध्येही जुन्या, ओस पडलेल्या गावांच्या टेकाडांची माती खत म्हणून चांगली असते. आपल्याकडे पांढरीची माती नेतात ना, तशीच. तिकडे त्या मातीला ‘सबाख’ म्हणतात. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी शेतकरी आणि कंपन्या ही माती गाड्या भरभरून नेत. फायूममधल्या करानिस गावाचा मधला भाग असाच खणून गेला. १९२४ मध्ये अमेरिकेच्या मिशिगन विद्यापीठाची माणसे तेथे आली आणि त्यांनी उरलेला भाग १९३५ पर्यंत नीट खणून प्रत्येक वस्तू कुठल्या घरात मिळाली ते लिहून ठेवले.

माती नेणाऱ्यांना बाहुल्या मिळत. त्या ते दलालाला विकत. बाहुली वाचली, पण तिची हकीगत गेली. ती देव्हाऱ्यात होती, की पोराच्या खेळण्यात, की थडग्यात? आता कुणालाच सांगता येणार नाही. संग्रहालयाच्या चिठ्ठीवर नुसते लिहितात : ‘इजिप्त, बहुधा फायूम.’

आपल्याही गावांना पांढरी आहेत. नांगरताना, पाया खणताना खापर, मणी, नाणे, मूर्ती सापडते. पालकांना आमची नम्र विनंती आहे. असे काही मिळाले तर ते घासूपुसू नये, विकू नये. कुठे मिळाले, किती खोल मिळाले ते लिहून ठेवावे आणि गुरुजींना, तलाठ्यांना कळवावे. वस्तूइतकीच तिची जागा मोलाची असते.

सांगा पाहू!

१) बापाच्या मुखवट्याची एकच भुवई वर का असे?
२) बाहुलीच्या पाठीला भोक का ठेवत?
३) दोन सारख्या बाहुल्यांपैकी लहान बाहुली नंतरची, असे का म्हणतात?
४) वेदीवर बसलेल्या गुलामाला धनी का ओढत नाही?

उत्तरे वरच्या लेखातच आहेत. पुन्हा वाचा आणि घरी आई-वडिलांनाही विचारा!

– इयत्ता सातवी